कासवाला कसं ठाऊक? ‘रेटरिक्स ऑफ फँटसी’ वाचताना

आधी प्रतीबद्दल सांगते. फारा मेंडलसन यांचं ‘रेटरिक्स ऑफ फँटसी’ मी वापरलेलं मागवलं, विकणाऱ्याने ‘उत्तम स्थितीत’ असं लिहिलं होतं म्हणून. उघडलं तर पहिल्या चाळीसेक पानांवर कुणीतरी पिवळा हायलायटर असा फिरवलेला की न रंगवलेली वाक्यंच उठून दिसतात. आणि मग एकदम शुकशुकाट. शेवटपर्यंत पेन्सिलीची साधी रेघही नाही. आधीच्या वाचकाने नेमके कुठे हात टेकले ते पानासकट कळतं. मला त्याची दयाच आली, कारण पुस्तकाची खरी गंमत तो थांबला त्याच्या पुढे आहे.

मी मुलांच्या पुस्तकांची हस्तलिखितं तपासते. येणाऱ्यांतली निम्मीअधिक जादूची असतात. त्यांतलं एखादं का जमलं आणि दुसरं का फसलं, हे मला कळायचं पण सांगता यायचं नाही. ‘पकड घेत नाही’ असं काहीतरी गुळमुळीत लिहून पाठवायचे. पुस्तक घेतलं ते यासाठी.

2008 साली वेस्लियन युनिव्हर्सिटी प्रेसने काढलेलं हे समीक्षेचं पुस्तक. फँटसी म्हणजे नेमकं काय, या जुन्या भांडणात मेंडलसन फारसं अडकत नाहीत. त्यांचा प्रश्न साधा आहे: अद्भुत गोष्ट कथेत शिरते कशी? त्यांच्या मते वाटा मुख्यतः चार. एकीत आपण दार उघडून दुसऱ्या जगात जातो. दुसरीत पात्रं त्याच जगात जन्मलेली असतात, त्यांना कशाचंच नवल नसतं आणि आपल्याला कानावर पडेल त्यावरून अंदाज बांधावा लागतो. तिसरीत अद्भुतच आपल्या घरात घुसतं, ‘ड्रॅक्युला’सारखं. चौथी सांगायला सगळ्यात अवघड, म्हणून उदाहरणच देते. जोन एकेन यांच्या एका गोष्टीत आर्मिटेज कुटुंबाच्या बागेत युनिकॉर्न येऊन उभा राहतो. घरच्यांना त्याचं आश्चर्य नाही. त्यांची तक्रार एवढीच की आज मंगळवार आहे, आणि विचित्र गोष्टी तर सोमवारी घडतात! चक्रावतो तो फक्त वाचक. मी हे वाचलं तेव्हा मोठ्याने हसले आणि मग बराच वेळ पुढचं वाचलं नाही. हसू नेमकं कुठून आलं ते शोधत बसले होते.

पण माझं काम झालं ते पहिल्या वाटेच्या प्रकरणात. मेंडलसन मुळात इतिहासाच्या अभ्यासक. स्पॅनिश यादवी युद्धात क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या मंडळींनी केलेल्या मदतकार्यावर त्यांचं 2002 सालचं पुस्तक आहे. आता हा इतिहासकार फँटसी वाचायला बसल्यावर त्याला काय खटकणार? दारापलीकडच्या जगात नायक नवखा असतो, म्हणून कुणीतरी पांढरी दाढीवाला त्याला हजार वर्षांचा इतिहास ऐकवतो. आणि तो इतिहास शंभर टक्के खरा निघतो. दुसरा साक्षीदार नाही, कागदपत्रांत विसंगती नाही, ‘आजोबा, तुम्हाला हे कोणी सांगितलं?’ असं विचारणारं कोणी नाही. नायकाने मान डोलवायची आणि त्याच्या खांद्यावरून डोकावणाऱ्या वाचकानेही. शोधयात्रेच्या कथा मेंडलसन दाराच्या कथांबरोबर एकाच खणात ठेवतात त्या यामुळेच. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये पलीकडे नेणारं कपाट नाही की आरसा नाही, पण नायकाने शायर या आपल्या मुलखाबाहेर पाऊल टाकलं की माहिती देणारे भेटत जातात.

त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर एक हस्तलिखित होतं. मुलगी जिन्याखालच्या फटीतून पलीकडे जाते आणि एक म्हातारं कासव तिला सलग सहा पानं राज्याचा इतिहास सांगतं. एरवी मी ‘थोडं कमी करावं’ लिहिलं असतं. या वेळी समासात लिहिलं, ‘कासवाला कसं ठाऊक?’ लेखकाचा फोन आला, आवाज जरा चढलेला. ‘अहो मॅडम, ते कासव आहे, तीनशे वर्षांचं आहे!’ मी म्हटलं, ‘असेल ना. पण तीनशे वर्षं ते एकाच तळ्यात होतं.’ पलीकडे बराच वेळ शांतता.

चार खण पाडून सगळी पुस्तकं त्यांत कोंबणारी समीक्षा मला आवडत नाही. इथे शेवटचं प्रकरण खणांत न बसणाऱ्या पुस्तकांसाठीच राखलंय, त्यामुळे राग येत नाही. हॅरी पॉटरबद्दलचं निरीक्षणही पटतं. पत्रांचा पाऊस पडतो तोवर जादू घरात घुसतेय असं वाटतं, पण लवकरच ती सरळसरळ दाराची कथा होते आणि लेखिकेला सतत नवीन काहीतरी दाखवत राहावं लागतं.

आता तक्रारी. प्रकरणं अंगावर येतात इतकी लांब आहेत. उदाहरणं ढिगाने, त्यातली अर्धी मी वाचलेली नव्हती, आणि गोष्टीचा शेवट फोडताना लेखणी जराही कचरत नाही. उदाहरणं जवळजवळ सगळी इंग्रजी जगातली. ‘आटपाट नगर होतं’ हे कुठे बसवायचं? दार नाही, घुसखोरी नाही, नवलही नाही, सांगणारा मात्र समोरच बसलेला. मी तासभर झटले आणि सोडून दिलं.

मेंडलसन यांची इतर पुस्तकंही मी हळूहळू जमवली, त्यांबद्दल थोडक्यात. मुलांसाठी फँटसी लिहिणाऱ्या डायना विन जोन्स यांच्यावरचं 2005 सालचं पुस्तक आधी जोन्स यांच्या दोनचार कादंबऱ्या वाचल्या असतील तरच घ्या. 2009 सालचं ‘द इंटर-गॅलॅक्टिक प्लेग्राउंड’ मुलांच्या विज्ञानकथांवर आहे आणि चांगलंच भांडखोर आहे. मुलांना माहितीची भूक असते आणि मोठे मात्र त्यांना भावनांचेच धडे वाढत राहतात, हा त्यातला मुद्दा संपादकांनी भिंतीवर लावावा. मायकेल लेव्ही यांच्यासोबतचं ‘चिल्ड्रन्स फँटसी लिटरेचर’ 2016चं, त्याला पुढच्या वर्षी वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळाला. सोळाव्या शतकापासून आजपर्यंतचा पल्ला आहे, त्यामुळे काही पानं हजेरीपटासारखी वाटतात. तरी या विषयात नवखे असाल तर सुरुवात इथूनच करा, ‘रेटरिक्स’ नंतर. 2020 साली इंग्लंडमधल्या यादवी युद्धांवरच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांवरही पुस्तक आलं. म्हणजे गाडी पुन्हा इतिहासावर, आणि पुन्हा यादवीवर. ते अजून माझ्याकडे नाही.

कासवाचा दुसरा खर्डा महिन्याभराने आला. सहा पानांची दोन झालीत. कासव सांगायला लागतं आणि तळ्यातला बगळा दर वाक्याला ‘खोटं!’ म्हणतो. मुलगी कोणावर विश्वास ठेवावा या विचारात रस्ता चुकते. मी समासात काहीच लिहिलं नाही.