ब्लेडचे सहा की बोहिनचे बारा?

ल्युब्लियानाला मुक्काम, एक सकाळ मोकळी आणि बॅगेत पळायचे बूट. म्युनिक-व्हिएन्नाकडून लाँग वीकेंडला स्लोव्हेनियात उतरणाऱ्या आपल्या मंडळींसमोर मग हाच प्रश्न येतो: फेरी ब्लेडच्या तळ्याभोवती मारायची की बोहिनच्या? दोन्ही तळी ज्युलियन आल्प्सच्या कुशीतली, एकमेकांपासून 26 किलोमीटरवर. एकाच बसने दोन्हीकडे जाता येतं. तरी पळणाऱ्यासाठी ती इतकी वेगळी आहेत की चुकीचं निवडलं तर सकाळ वाया गेल्यासारखी वाटते.

आधी ब्लेड. दाढीच्या पात्याशी नावापुरतंच नातं. फेरी साधारण 6 किलोमीटरची आणि जवळजवळ सपाट, त्यामुळे रंकाळ्यावर रोज चक्कर मारणाऱ्या कोल्हापूरकराने अंतराची धास्ती घ्यायचं कारण नाही. वाट बहुतेक डांबरी किंवा बारीक खडीची आहे, मधे कुठे लाकडी फळ्यांची. पाय कुठे पडतोय ते बघावं लागत नाही, म्हणून मान वर ठेवून पळता येतं. ब्लेडचा खरा फायदा हाच.

गावातून निघून तळं डाव्या हाताला ठेवायचं. सुरुवातीलाच उजवीकडे 130 मीटरच्या कड्यावर किल्ला दिसतो. पुढे झाका भागात नौकानयनाचं केंद्र लागतं. इथे जागतिक स्पर्धा चार वेळा झाल्या, शेवटची 2011 मध्ये. पहाटे सराव चालू असेल तर आठ वल्ही एकदम पाण्यात पडल्याचा 'छप्प' असा आवाज येतो आणि नकळत आपली पावलं त्या तालावर पडू लागतात. माझा त्या दिवशीचा सगळ्यात वेगवान किलोमीटर तोच होता, श्रेय माझं नाही. मग दक्षिण काठाने म्लिनो वस्तीकडे परतताना तो बहुतेक फोटोंत असतो तो देखावा समोर येतो: बेटावरचं चर्च, पलीकडे किल्ला, त्यामागे काराव्हांके रांगेतला 2236 मीटरचा स्टोल.

पण म्लिनोपासून गावापर्यंत बोहिनला जाणारा मोठा रस्ता काठाला चिकटून जातो आणि पादचाऱ्यांची पट्टी अरुंद आहे. जुलै-ऑगस्टमध्ये नऊनंतर गेलात तर बाबागाड्या, सेल्फी काठ्या आणि मधेच थबकणारी जोडपी यांच्यातून वाट काढण्यातच दम जातो. सातच्या आत निघा, नाहीतर चालतच फेरी मारा. तसाही चालण्याचा मान इथे जुना आहे: एकोणिसाव्या शतकात आर्नोल्ड रिक्ली नावाच्या स्विस गृहस्थाने इथे निसर्गोपचार केंद्र काढलं आणि चांगल्या घरच्या पाहुण्यांना सकाळी अनवाणी डोंगर चढायला लावलं.

आता बोहिन. स्पेलिंग बघून आपण बोहिंज म्हणतो, तिथली माणसं शेवट 'न्य'सारखा अलगद सोडून देतात. फेरी 12 किलोमीटरची, पण ब्लेडच्या दोन फेऱ्या म्हणजे बोहिनची एक, असा हिशेब मांडू नका. उत्तर काठाची वाट म्हणजे जंगलातली पायवाट: बीचच्या झाडांची मुळं, दगड, मधेच कड्यावरून घसरून आलेल्या खडीचे पट्टे. किलोमीटरमागे मिनिट-दीड मिनिट सहज जास्त लागतं. हा भाग स्लोव्हेनियातल्या सर्वांत पावसाळी भागांपैकी एक आहे आणि ओली मुळं साबणासारखी असतात. मी रस्त्यावर पळायचे बूट घालून गेलो आणि तिसऱ्या किलोमीटरला सपशेल बसलो. कोपराला चार बोटं खरचटलं, वर घड्याळ इमानेइतबारे विचारतंय, 'थांबलात का?'

त्या बसण्याचा फायदा असा की मी पहिल्यांदा समोर नीट पाहिलं. ब्लेडला डोंगर लांब पार्श्वभूमीला उभे असतात, बोहिनला ते थेट पाण्यातून उठतात. तळ्याच्या अंगावर मोटारबोटीचा आवाज नाही, पलीकडच्या काठावर एक गाडी मुंगीएवढी सरकतेय आणि तिच्यावर व्होगेल डोंगराचा उतार धुक्यात अर्धा बुडालेला. हे सगळं त्रिग्लाव राष्ट्रीय उद्यानात येतं, त्यामुळे काठावर हॉटेलांची रांग नाही.

दिशा इथेही तीच ठेवा. तळ्याच्या पूर्व टोकाला रिब्चेव लाझ गावातल्या दगडी पुलावरून, संत योहानाच्या जुन्या चर्चजवळून उत्तरेकडे वळायचं, म्हणजे अवघड वाट ताज्या पायांनी होते. पश्चिम टोकाच्या उकान्त्स गावाला वळसा घातल्यावर दक्षिण काठ रस्त्याला लागून सोपा जातो, जरा रटाळही. उकान्त्सहून सावित्सा धबधबा गाठायचा मोह होईल, पण वर पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत. तो दुसऱ्या दिवशी चालत करा.

मग ठरवायचं कसं? हाफ मॅरेथॉनची तयारी चालू असेल, पेस सांभाळायचा असेल, गुडघा कुरकुरत असेल किंवा नाश्त्याला घरच्यांसोबत टेबलावर हजर असायचं वचन दिलं असेल, तर डोळे झाकून ब्लेड. न पळणाऱ्या जोडीदारालाही तिथे वेळ घालवायला किल्ला आहे, बेटावर नेणाऱ्या होड्या आहेत आणि क्रेम्श्निता आहे, ती चौकोनी क्रीम पेस्ट्री. सह्याद्रीत ट्रेलवर पळायची सवय असेल आणि किमान अडीच तास हातात असतील, तर बोहिनच. दोन रात्री असतील तर मी मुक्काम बोहिनला करेन आणि ब्लेडची फेरी परतीच्या वाटेवर भल्या पहाटे उरकेन. उलट करणाऱ्यांचं बोहिन हमखास राहून जातं, कारण ब्लेडला रात्री उशिरापर्यंत जेवण लांबतं आणि सकाळची बस निघून जाते.

एकच सोय लक्षात ठेवा: हंगामात उकान्त्सहून रिब्चेव लाझला विजेवर चालणारी बोट असते. खरचटलेलं कोपर घेऊन तिच्यात बसायला लाज वाटत नाही, मी बसलोय. फक्त वेळापत्रक आणि परतीची बस आदल्या रात्रीच बघून ठेवा, आणि खिशात थोडे युरो असू द्या.