पाणी, तेल, मीठ की नायट्रायडिंग? जॉब वाकू नये म्हणून काय निवडाल

हार्डनिंगमध्ये, म्हणजे पोलाद तापवून झटकन थंड करून (क्वेंचिंग) कडक करताना, जॉब (बनवायचा भाग) दोन तऱ्हांनी बिघडतो. एक तर तो फुगतो, कारण थंड झाल्यावर बनणाऱ्या कडक मार्टेन्साइटला तापलेल्या पोलादातल्या ऑस्टेनाइटपेक्षा जास्त जागा लागते. हे टळत नाही, पण ग्राइंडिंगला थोडा जादा माल ठेवून निभावता येतं. दुसरं म्हणजे बाक येतो, आणि तो किती येणार हे बरंचसं तुम्ही निवडलेल्या पद्धतीवर ठरतं.

पाणी सगळ्यात जोरात थंड करतं, पण सारखं नाही. तापलेल्या जॉबभोवती वाफेचा पडदा बसतो. तो एकीकडे आधी फुटतो, दुसरीकडे टिकून राहतो, आणि तोवर एक बाजू कडक होऊन बसलेली असते. कीवे (चावी बसवायची खाच) असलेला शाफ्ट पाण्यात टाकला तर बाक धरूनच चाला. कीवेच्या टोकदार कोपऱ्यातून तडाही जाऊ शकतो. ईएन 8 या साध्या कार्बन पोलादाच्या साध्या, दोन्हीकडून सारख्या आकाराच्या जॉबलाच पाणी द्यावं. ईएन 19, ईएन 24 या मिश्रधातूच्या पोलादांना तेल पुरतं.

खरी चुरस मीठ आणि नायट्रायडिंग यांच्यात आहे.

मिठाच्या पद्धतीत, म्हणजे मार्टेम्परिंगमध्ये, जॉब साधारण 180 ते 250 अंश सेल्सियसच्या वितळलेल्या मिठात उतरवतात. मीठ उकळत नाही, म्हणून वाफेचा पडदाच नाही. गाभा आणि पृष्ठभाग एका तापमानावर आले की जॉब बाहेर काढून हवेत थंड करायचा, मग नेहमीसारखं टेंपरिंग (ठिसूळपणा कमी करायला पुन्हा तापवणं). आतपर्यंत कडकपणा हवा असेल तर माझं मत मिठाला. मात्र जाड जॉब आणि कमी मिश्रधातूचं पोलाद असेल तर गाभा मऊ राहतो.

नायट्रायडिंग, म्हणजे पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून तो कडक करणं, 500 ते 550 अंशांवर होतं. तिथे ऑस्टेनाइट बनतच नाही आणि क्वेंचिंगही नाही, त्यामुळे लांब, बारीक स्क्रूसाठी मी दुसरा विचारही करणार नाही. कडक थर मात्र जेमतेम अर्ध्या मिलिमीटरपर्यंत. घासण्याला तो उत्तम. एका जागी जबर दाब येत असेल तर खालचा मऊ गाभा दबून थर तडकतो.

नायट्रायडिंग करूनही जॉब वाकला, तर बहुतेकदा मशीनिंगचा ताण भट्टीत सुटलेला असतो. म्हणून रफ मशीनिंगनंतर स्ट्रेस रिलीव्हिंग (ताण सोडवायला तापवणं) करूनच फिनिशला घ्या. त्याचं तापमान टेंपरिंगच्या खाली आणि नायट्रायडिंगच्या वर ठेवा. ईएन 24 चं टेंपरिंग 600 ला झालं असेल तर स्ट्रेस रिलीव्हिंग 570 ला, नायट्रायडिंग 520 ला.