ई-पेपरचे अकरा महिने: बातमी छापून आली, पण सापडत नाही

परवा तासगावहून काकांचा फोन आला. "अरे, उन्हाळ्यात आपल्या तलावाच्या गाळाची बातमी आली होती बघ, फोटोसकट. तेवढी काढून पाठव, ग्रामसभेत दाखवायचीय." म्हटलं, दोन मिनिटांत पाठवतो. पैसे भरून ई-पेपर घेतलाय, वेळ कितीसा लागणार? दोन तास गेले, बातमी काही हाती लागली नाही.

मी डोंबिवलीत राहतो. गेल्या वर्षी एका मराठी दैनिकाच्या ई-पेपरची वर्षभराची वर्गणी भरली, ७९९ रुपये. म्हणजे दिवसाला सव्वादोन रुपयेही नाहीत. घरचा छापील अंक चालूच ठेवलाय. आईला कागद हातात लागतो, शिवाय रद्दीचे पैसे येतात. ई-पेपर घेतला तो निव्वळ सांगली आवृत्तीसाठी. दारात मुंबई आवृत्ती पडते. तासगावच्या बेदाण्याचे सौदे, म्हैसाळ योजनेचं पाणी कधी सुटणार, गावाकडे कोण गेलं, हे तिच्यात कुठून येणार?

सुरुवातीचे महिने खूप सुखाचे गेले. डोंबिवली ते घाटकोपर गर्दीत उभ्याने सांगलीचा अंक वाचायला मिळतो, हे दहा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. पान बोटांनी मोठं करत सरकवायचं, त्याचीही सवय झाली. ॲप रोज मुंबई आवृत्तीवरच उघडतं, सांगली पुन्हा निवडावी लागते. तेही चालवून घेतलं.

पण शोधाचं काय? शोधाच्या चौकटीत 'तलाव' लिहिलं, काही नाही. 'गाळ' लिहिलं, काही नाही. शेवटी नुसतं 'तासगाव' लिहिलं, तरी काही नाही. ज्या आवृत्तीत हा शब्द रोज दहादा छापला जातो, तिथे!

मग खोलात शिरलो. आपल्याला दिसतं ते पान म्हणजे छायाचित्र आहे. पीडीएफ उतरवून मजकूर कॉपी केला, तर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला हाती आला. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक. मराठी पानं वर्षानुवर्षं त्याच्या आधीच्या फॉन्टमध्ये लागत आली. त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षराच्या जागी मराठी अक्षराचा आकार बसवलेला असतो. आपल्या डोळ्यांना 'क' दिसतो, संगणकाच्या लेखी तिथे भलतंच काहीतरी असतं. त्यामुळे ही बातमी गूगललाही सापडत नाही, आणि अंध वाचकाचा फोन ती वाचूनही दाखवू शकत नाही.

याच दैनिकाची वेबसाइट मात्र युनिकोडमध्ये आहे, फुकट आहे, लगेच सापडते. तिथे काय असतं? क्रिकेट, सिनेमा, राशिभविष्य, आणि अर्धी बातमी लपवून ठेवणारे मथळे. क्रिकेटचा स्कोअर पन्नास ठिकाणी मिळतो. तलावातला गाळ किती ट्रॉल्या निघाला, हे तालुक्याचा वार्ताहर बांधावर जाऊन विचारतो आणि ते जगात फक्त या एकाच पेपरात येतं. जे सगळ्यांकडे आहे ते उघड्यावर मांडलंय आणि जे फक्त यांच्याकडे आहे ते चित्रात कोंडून ठेवलंय. माझा सगळा राग याच गोष्टीवर आहे.

म्हटलं, एकेक दिवसाचा अंक उघडून बघू. तर तीस दिवसांमागचे अंक दिसतच नाहीत. पैसे भरताना 'सर्व आवृत्त्या' एवढंच मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. ग्राहक सेवेला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा उत्तर एकच, जुने अंक उपलब्ध नाहीत.

२०१९ च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयातली पुस्तकं भिजली, तेव्हा किती हळहळलो होतो आम्ही. कागद पाण्यात जातो, म्हणून तर हे सगळं संगणकावर नीट राहायला हवं होतं. इथे पूर न येताच महिन्याभरात अंक नाहीसा होतो.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि वर्गणी बंद करा म्हणून सांगणार होतो. पण काल दुपारी त्यांच्या सांगली कार्यालयात सहज फोन लावला. पलीकडच्या गृहस्थांनी शांतपणे ऐकलं, गाव विचारलं, साधारण महिना विचारला. "फाइल बघतो," म्हणाले. तासाभरात व्हॉट्सॲपवर फोटो आला. शिवून ठेवलेल्या अंकांची फाइल, पान पाच, खाली डाव्या कोपऱ्यात आमचा तलाव. कडेला त्यांचा अंगठाही दिसतोय. मी आभार मानले, तर म्हणाले, "अहो, बातमी तुमच्याच गावची आहे."

मार्च २०२० च्या शेवटी मुंबईत पेपर येणं थांबलं, तेव्हा सगळ्यांच्या फोनवर पीडीएफ फिरायला लागल्या. मीही पुढे धाडल्या. पेपर फुकट मिळतो ही सवय तेव्हाच आपल्या अंगवळणी पडली आणि ती मोडायला हवी असं मला मनापासून वाटतं. वार्ताहराच्या पेट्रोलचे पैसे कुणीतरी द्यायलाच हवेत. पण पैसे घेता तर शोध चालू करा, निदान पाच वर्षांचे अंक उघडे ठेवा. मी त्याचे हजार रुपयेही देईन.

पुढच्या महिन्यात वर्गणी संपतेय. आपोआप पैसे कापायची परवानगी मी बँकेच्या ॲपमधून काढून टाकलीय. या वेळी वर्षाचे नाही, तीन महिन्यांचेच भरणार. आणि रोज रात्री सांगलीचं पान पाच उतरवून, फाइलला तारीख आणि गावाचं नाव देऊन ठेवायला सुरुवात केलीय.