नागपूरच्या धंतोलीतलं चेहऱ्याच्या त्वचेचं केंद्र: हात पक्का, डिस्चार्जचा कागद कच्चा

नाकावरची किंवा डोळ्याखालची बेसल सेल कार्सिनोमाची (त्वचेच्या एका कर्करोगाची) गाठ काढणं आणि उरलेला खड्डा भरणं, असं दोन्ही काम करणारं हे लहान खासगी केंद्र आहे. पुढे तक्रारही आहे, म्हणून नाव देत नाही.

इथे घाई करत नाहीत, ही सगळ्यात मोठी जमेची बाजू. गाठ भोवतालच्या साधारण ४ मिमी निरोगी कातडीसकट काढतात, दिशा कळावी म्हणून तुकड्याच्या वरच्या कडेला एक टाका घालून तो पॅथॉलॉजीला पाठवतात आणि कडा स्वच्छ असल्याचा रिपोर्ट येईपर्यंत फ्लॅप, म्हणजे मूळ जागेशी देठाने जोडलेली शेजारची कातडी, खड्ड्यावर फिरवत नाहीत. तोवर जखमेवर व्हॅसलिनची जाळी. उघडी जखम घेऊन थांबायला घरचे कुरकुरतात, पण केंद्राचंच बरोबर आहे. फ्लॅप फिरला की कडा जागच्या हलतात आणि आजार उरला असेल तर तो नेमका कुठे, हे शोधणं फार कठीण होतं.

पद्धतही खड्डा बघून ठरते. नाकाच्या शेंड्याजवळ दीड सेंटिमीटरपर्यंतचा खड्डा असेल तर दोन पाकळ्यांचा बायलोब्ड फ्लॅप, कारण तिथल्या जाड, तेलकट कातडीला शेजारचीच कातडी शोभते. त्याहून मोठ्या खड्ड्याला कपाळाचा फ्लॅप. भुवईच्या आतल्या टोकाजवळून वर जाणाऱ्या सुप्राट्रॉक्लिअर धमनीवर तो जगतो. देठ सव्वा ते दीड सेंटिमीटर रुंद ठेवतात आणि साधारण तीन आठवड्यांनी कापतात. (ही विद्या आपल्याकडची. पुण्यात कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाच्या कातडीतून घडवल्याची हकीकत १७९४ साली लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझीन'मध्ये छापून आली होती.) ते तीन आठवडे भुवईपासून नाकापर्यंत मांसाची जाड पट्टी लोंबत राहते. तिचे फोटो इथे आधीच दाखवतात, त्यामुळे आरशात बघून कोणी हादरत नाही. खालच्या पापणीजवळ टाक्यांची ओढ आडवीच ठेवतात. उभी पडली तर पापणी बाहेर उलटते आणि डोळ्यातून सारखं पाणी गळतं.

ग्राफ्टही, म्हणजे दुसरीकडून पूर्ण सुटी करून आणलेली कातडी, नीट बसवतात. कानामागची पूर्ण जाडीची कातडी खड्ड्यापेक्षा किंचित मोठी घेतात, खालची पिवळी चरबी कात्रीने पांढरा थर दिसेपर्यंत काढतात, वर व्हॅसलिन गॉजचा बोळा ठेवून टाक्यांच्या लांब दोऱ्यांनी आवळून बांधतात. बोळा पाच ते सात दिवसांनी निघतो.

आणि याच दिवसांसाठी हातात काय देतात? तीन ओळी: जखम कोरडी ठेवा, गोळ्या घ्या, सात दिवसांनी या. हे अजिबात पुरेसं नाही. पहिले दोन दिवस ग्राफ्ट तळातून झिरपणाऱ्या द्रवावर तगतो, मग हळूहळू रक्तवाहिन्या जुळतात. मध्ये रक्त साचलं किंवा कातडी केसभर सरकली की ते जुळणं तुटतं. नागपूरच्या उन्हात तोंडाला करकचून दुपट्टा बांधायची सवय, हेल्मेट, त्याच कुशीवर झोपणं, वाकून बादली उचलणं हे सगळं तिथे लिहायला हवं होतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत, हेही.

खर्र्याचं, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीचं, तर नावच नाही. फॉर्मवर 'धूम्रपान करता का?' एवढाच प्रश्न आहे. दिवसाला चार पुड्या खाणारा माणूस तिथे 'नाही' लिहितो, आणि ते खोटंही नसतं. पण निकोटीन तोंडातून गेलं तरी बारीक रक्तवाहिन्या आकसतातच आणि फ्लॅपचं टोक काळं पडतं. ऑपरेशनआधी चार आठवडे आणि नंतरही तेवढेच दिवस खर्रा बंद, हे ठळक छापायला हवं.

बोळा काढल्यावर ग्राफ्ट जांभळट दिसतो. त्याने घाबरू नये, रंग पुढे गुलाबी होतो. वर काळी खपली धरली तरी खालचा थर जिवंत असू शकतो, ती खरवडू नये. फ्लॅपचं मात्र वेगळं. तो गडद निळा होऊन फुगला तर रक्त परत जात नाही, पांढरा आणि गार पडला तर पोचतच नाही. दोन्हीत त्याच रात्री डॉक्टर गाठावा लागतो, आणि कागदावरचा नंबर रात्री आठनंतर कोणी उचलत नाही. गडचिरोली-गोंदियाहून आलेल्यांनी पहिला आठवडा नागपुरातच मुक्काम करावा.

नाकाच्या शेंड्याच्या कामासाठी इथे जरूर जावं. पैसे भरण्याआधी दोन गोष्टी लिहून घ्या: रात्रीचा चालू मोबाइल नंबर, आणि देठ कापण्याचा दुसरा टप्पा एस्टिमेटमध्ये धरलाय की नाही. तो वेगळा लावतात.