आठ महिने मॅटप्लॉटलिबवर: भजनाच्या ठेक्यातून अल्बमचं कव्हर

अंबाजोगाईच्या आमच्या भजनी मंडळासाठी मी आठ महिन्यांत तीन कव्हरं केली, तिन्ही मॅटप्लॉटलिबवर, म्हणजे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या आलेख काढायच्या साधनावर. फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. टाळ-वीणेचे तयार फोटो नको होते. त्याच अभंगाचा आवाज कव्हरवर दिसावा, एवढाच हट्ट.

डोळ्यासमोर होतं जॉय डिव्हिजन या इंग्लिश रॉक बँडच्या ‘अननोन प्लेझर्स’ अल्बमचं १९७९ सालचं कव्हर. काळ्यावर पांढऱ्या रेघांचे डोंगर. ते आहेत १९६७ मध्ये जोसेलिन बेल यांना सापडलेल्या पहिल्या पल्सारचे, म्हणजे ठरावीक वेळानं रेडिओ लहरी पाठवणाऱ्या ताऱ्याचे ठोके. आलेख हॅरॉल्ड क्राफ्ट यांच्या १९७० च्या प्रबंधातला. तो तारा दर १.३३७ सेकंदांनी ठोका देतो, म्हणून रेघा एकाखाली एक लावल्या की शिखरं मधोमध येतात.

मी तेच केलं. अभंग चार मिनिटांचा, ठेक्याचं आवर्तन सुरुवातीला चार सेकंदांचं. म्हणजे साठ तुकडे, साठ रेघा. रेकॉर्डिंगमध्ये सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, म्हणजे मोजलेले आकडे, असतात; सगळे काढले तर रेघ केसाळ दिसते. ऋण चिन्हं काढून ४४१-४४१ नमुन्यांची सरासरी घेतली, तेव्हा पखवाजाची थाप उठून दिसली. प्रत्येक रेघेखाली काळा रंग भरला की मागची झाकली जाते.

शिखरं मात्र जुळेनात. खाली येताना डावीकडे सरकायची. आठवडाभर कोड तपासला. शेवटी पखवाजवाल्या काकांना पडद्यावर दाखवलं. त्यांनी ओठातल्या ओठात अभंग म्हणत बोट खाली आणलं आणि रेघा वळतात तिथंच थांबले. “हितं मी लय चढविली बघ. गजर सुरू झाला.” तो वाक मी तसाच ठेवला. अख्ख्या कव्हरात मला तोच सगळ्यात आवडतो.

त्रासही आहे. माझ्याकडच्या आवृत्तीत देवनागरी मोडते: ‘विठ्ठल’मधली वेलांटी ‘व’ सोडून पुढं सरकते, जोडाक्षर फुटतं. बघवत नाही. म्हणून चित्र एसव्हीजी या रेघांच्या फाइलप्रकारात काढून नाव इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये लिहितो. प्रत्येक बाजू दहा इंच आणि ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) ठेवलं की ३००० बाय ३००० पिक्सेल मिळतात. पण कडा छाटणारा ‘टाइट’ पर्याय लावला की माप बदलतं. एक कव्हर त्यापायी परत आलं. आणि साठ रेघा मोबाइलवर राखाडी पट्टा होतात, म्हणून दुसऱ्या कव्हरला तीसच ठेवल्या.

कोड लिहायची तयारी असेल तर जरूर घ्या. मी आता भारुड घेतलंय. मधेच बोलणं, मधेच हशा; आवर्तन कुठून मोजायचं, तेच अजून ठरत नाही.