अमेरिकी अणुनियामक आयोगाची घटनानोंद : रोजची यादी ठीक, वार्षिक अहवाल उत्तम

मिनियापोलिसच्या नळाला येणारं सगळं पाणी मिसिसिपी नदीचं. नदीच्या वरच्या अंगाला, शहराच्या वायव्येला मॉन्टिसेलोचा अणुवीज प्रकल्प आहे. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. त्यामुळे आयोगाच्या संकेतस्थळावरच्या घटनानोंदी वाचायची सवय लागली आहे. इथल्या मराठी मंडळींपैकी बरेच जण त्याबद्दल विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

सेवा फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही. कामाच्या दिवशी नवी यादी येते आणि प्रत्येक घटनेपुढे क्रमांक, वेळ, प्रकल्प आणि नियमाचं कलम असतं. अडचण अशी की हरवलेलं किरणोत्सारी मापनयंत्र, दारूच्या चाचणीत सापडलेला पर्यवेक्षक आणि जमिनीत मुरलेलं ट्रिटियम (हायड्रोजनचं किरणोत्सारी रूप), हे सगळं एकाच यादीत एकाखाली एक येतं. मॉन्टिसेलोच्या निरीक्षण विहिरीत नोव्हेंबर 2022 मध्ये ट्रिटियम वाढलेलं आढळलं, तेव्हा त्याची नोंद इथे लगेच आली होती. वर्ग होता ‘आणीबाणी नाही’. दोन इमारतींमधल्या पाइपातून सुमारे 4 लाख गॅलन, म्हणजे 15 लाख लिटर पाणी गळलंय, हे शहराला कळलं मार्च 2023 मध्ये. गळती कुंपणाच्या आतच आहे आणि पिण्याच्या पाण्याला धोका नाही, असं तेव्हा सांगण्यात आलं. माहिती लपवली गेली नव्हती, हे मी ठामपणे सांगेन. पण ज्यांच्या घरात नदीचं पाणी येतं त्यांच्यापर्यंत ती कुणी पोचवलीही नव्हती, आणि मला हे चूक वाटतं.

खरा ऐवज आहे तो वार्षिक अहवालात. प्रत्येक प्रकल्पाला वर्षभरात हवेत आणि पाण्यात किती किरणोत्सार सोडला याचा हिशेब द्यावा लागतो. परवानगी घेऊन, मोजून, पातळ करून सोडलेलं पाणी एका भागात आणि अनियोजित किंवा ताब्याबाहेर गेलेलं दुसऱ्या भागात. हा दुसरा भाग आधी उघडा. आयोगाच्या मार्गदर्शिकेत इथे आणखी एक बारीक भेद केलेला आहे: प्रकल्पाच्या बांधकामातून आवारात निसटलेलं वेगळं, आणि आवाराची हद्द ओलांडून बाहेर गेलेलं वेगळं.

परवानगीचं आणि अनियोजित यांतला भेद किती महत्त्वाचा आहे ते इलिनॉय राज्यातल्या ब्रेडवूड अणुवीज प्रकल्पावरून समजतं. तिथे एक लांब नळ प्रकल्पाचं पाणी कँककी नदीपर्यंत नेतो. नळाच्या नदीकडच्या तोंडाशी ते पाणी बाहेर पडलं की तो परवानगीचा विसर्ग. पण वाटेतल्या झडपांमधून तेच पाणी 1998 आणि 2000 मध्ये दर वेळी सुमारे 30 लाख गॅलन जमिनीवर सांडलं. ती झाली अनियोजित गळती, आणि शेजारच्यांना ती कळायला 2005 उजाडलं. पाणी तेच, ट्रिटियम तेच. फरक एवढाच की इथे ते कुणी न ठरवता, कुणी न मोजता गेलं. म्हणून न ठरवता किंवा ताब्याबाहेर गेलं की ती गळती, ही व्याख्या मला पटते. धोका किती हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो गळतीच्या व्याख्येत मिसळला की ‘धोका नाही, म्हणजे गळतीही नाही’ असं म्हणायला वाव मिळतो.

त्या प्रकरणानंतर 2007 मध्ये अणुवीज कंपन्यांनी भूजलासाठी स्वतःच एक नियम घालून घेतला: भूजलात मुरू शकेल अशी 100 गॅलनांपेक्षा जास्त गळती झाली, तर राज्याला आणि स्थानिक अधिकाऱ्यांना कळवायचं. मॉन्टिसेलोच्या नोंदीत ‘स्वेच्छेने कळवलं’ असं दिसतं ते यामुळे. माझ्या मते हे कायद्यानेच बंधनकारक व्हायला हवं, आणि त्यात खालच्या अंगाच्या गावांचाही समावेश हवा.

आकडे वाचताना एक सांभाळा. पिण्याच्या पाण्यात ट्रिटियमची अमेरिकेतली मर्यादा आहे लिटरला 20,000 पिकोक्युरी (क्युरी हे किरणोत्साराचं एकक, आणि पिकोक्युरी म्हणजे त्याचा एक लाख कोटीवा भाग). अहवालात एकूण ट्रिटियम क्युरीत दिलेलं असतं, आणि ते किती पाण्यात पसरलं हे बघितल्याशिवाय तो आकडा काहीच सांगत नाही.

रोजच्या यादीला पाचपैकी तीन, वार्षिक अहवालाला साडेचार. अहवाल साधारण मेच्या सुरुवातीपर्यंत दाखल होतात. शोधताना प्रकल्पाच्या नावाबरोबर वर्ष टाका, आणि मागच्या दोन-तीन वर्षांचे अहवालही शेजारी उघडून ठेवा. जुनी गळती पुढच्या वर्षांच्या विहिरींच्या आकड्यांत दिसत राहते.