मांडवीतल्या बोटीवरचं पोकर टेबल: सेट लागला तर दडवून बसू नका

पणजीला मांडवीत ज्या कॅसिनो बोटी उभ्या असतात त्यातल्या एकीवर दोन रात्री खेळून आलोय, नाव मुद्दाम देत नाही कारण थोडं वाईटपण लिहिणारे. ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम कायद्यानेच बंद केले तेव्हापासून आमचा पुण्याचा ग्रुप हात चोळत बसला होता, महाराष्ट्राचा 1976 चा कॅसिनो कायदा तर कधी लागूच झाला नाही आणि 2023 मध्ये तो रद्द पण केला, मग राहिलं काय, गोवा.

जेट्टीवरून छोट्या बोटीने नेतात, ते झकास. पण शनिवारी टेबल मिळायला दीड तास ताटकळलो आणि वेटिंग लिस्टवरच्या माणसाला विचारलं की प्रत्येक वेळी "बस दस मिनट". एसी इतका की जर्किन घालून बसलो. डीलर मात्र एक नंबर, पॉट (मधे जमलेले पैसे) मोजण्यात एकदाही घोळ नाही.

आता मुद्द्याचं. खेळ होल्डेम: हातात दोन पत्ते, मधे सगळ्यांसाठी आधी तीन उघडतात (फ्लॉप), मग एक (टर्न), शेवटी एक (रिव्हर). दर टप्प्याला पैसे लावायचे (बेट), समोरच्याइतकेच द्यायचे (कॉल), न लावता पुढे जायचं (चेक) किंवा पत्ते टाकायचे (फोल्ड). टेबल 100-200 चं, म्हणजे डाव सुरू होताना दोघांना सक्तीने एवढे टाकावे लागतात, मी 20 हजार घेऊन बसलो. पब्लिक बहुतेक सुट्टीवर आलेलं, त्यामुळे फोल्ड हा शब्द कुणाला माहीतच नाही. हे सगळं डोळ्याने दिसत असताना मी काय केलं ऐका. हातात सत्त्यांची जोडी, चौघं 600 देऊन आत, पॉट 2400. फ्लॉप आला राजा, सत्ती, चौकी, त्यातला राजा आणि चौकी बदामाची. सेट, म्हणजे हातातल्या जोडीला मधे तिसरी सत्ती! जोडी हातात असताना साधारण साडेआठ वेळा फ्लॉप बघावा तेव्हा एकदा लागतो हा. आणि मी शहाण्यासारखा चेक केलं. सगळ्यांनीच चेक केलं. टर्नला बदामाची नव्वी. मी 1600 लावले, समोरच्या सुरतच्या काकांनी 5000 केले, मी कॉल, रिव्हरला दुर्री, काका 8000, मी परत कॉल. काकांकडे बदामाचा एक्का-पंजी, म्हणजे पाच बदाम, फ्लश, सेटच्या वर. म्हणाले, "अरे भाई, मैं तो दो पत्ते देखके भी आ जाता."

म्हणजे फ्लॉपवर 1600 लावले असते तरी काका आलेच असते आणि ती नव्वी पडलीच असती, ते मान्य. पण तिथे चारातल्या जवळजवळ तीन वेळा मीच जिंकतो, म्हणजे त्यांच्या प्रत्येक 1600 मागे सरासरी 800 माझे. ते फुकटात बघू दिलं मी. हरलो ते नशीब, पण चेक केलं ती चूक माझीच, जिंकलो असतो तरी चूकच होती.

रात्री हॉटेलवर कागदावर मांडलं. दर वेळी पॉटच्या दोन तृतीयांश लावत गेलं तर फ्लॉपला 1600, टर्नला 3700, रिव्हरला 8700, समोरचा शेवटपर्यंत आला तर त्याचे 14 हजार. फ्लॉपला गप्प बसलो तर टर्नला 1600, रिव्हरला 3700, झाले फक्त 5300. एक बेट चुकवली तर 1600 जातात असं वाटतं पण जाते ती शेवटची मोठी बेट. म्हणजे गप्प बसून गिऱ्हाईक अडीचपटीपेक्षा जास्त वेळा शेवटपर्यंत यायला हवं तेव्हा कुठे बरोबरी, आणि या टेबलावर ते तसंही येतंच होतं की! वर रेक, म्हणजे पॉटमधून कॅसिनो कापून घेतं ते. तिथे 5 टक्के होता, कमाल 1000. तीस हजाराच्या पॉटमधून हजारच जातात, म्हणजे सव्वातीन टक्के, 13 हजाराच्या पॉटमधून मात्र पूर्ण 5 टक्के कापले जातात.

मला वाटतं ही सवय आपल्याला दिवाळीच्या तीन पत्तीतून लागते. ट्रेल (तिन्ही पत्ते सारखे) आली की चेहरा पाडून बसायचं, हळूहळू चाल वाढवायची. तिथे चालतं कारण पत्ते वाटून झालेले असतात, नवीन काही येणार नसतं. होल्डेममध्ये अजून दोन पत्ते यायचे असतात हो.

दडवून खेळण्यासाठी सगळे ज्याचा दाखला देतात तो 1988 चा जॉनी चॅन आणि एरिक सायडेल, वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची फायनल, चॅनला फ्लॉपवरच सीक्वेन्स लागलेली आणि टर्न-रिव्हरला तो गरीब गाय होऊन चेक करत गेला, शेवटी सायडेलने राणीच्या जोडीवर सगळे लोटले. भारी आहेच ते. पण तिथे समोर एकच माणूस होता आणि तो स्वतःहून बेट लावणारा. इथे समोर तीन काका, नुसते कॉल करणारे.

दुसऱ्या रात्री एकदाच दडवलं, हातात एक्क्यांची जोडी आणि फ्लॉप एक्का-अठ्ठी-अठ्ठी, म्हणजे तीन एक्के आणि दोन अठ्ठ्या, फुल हाऊस. त्यावर कुणाला काय लागणार, आणि मला हरवणारा पत्ता तर जवळपास नाहीच. टर्नला एकाला राणी लागली, त्याचे 6000 मिळाले. बाकी सगळे सेट धडाधड लावले आणि लोक धडाधड आले.

चार स्टार. एक कापला तो त्या "दस मिनट" साठी. जाणार असाल तर मंगळवार-बुधवार बघा, आणि जेवण आधी उरकून घ्या, बुफेची फिश करी साडेअकरालाच संपली होती, राहिला होता तो पनीर आणि गार नान.